नाव, गाव आणि घाणा : कोकणातल्या बेने इस्रायलांचा वंशशोध

१/
मुंबईतल्या मांडवी भागात १७९६ साली बेने इस्रायल समाजाचे पहिले प्रार्थनालय उभे राहिले. ते बांधणाऱ्या गृहस्थांचे नाव दोन रीतींनी लिहिलेले आढळते : सॅम्युएल एझिकिएल दिवेकर आणि समाजी हसाजी दिवेकर. माणूस एकच. पहिले नाव हिब्रू बायबलातले, दुसरे मराठेशाहीच्या एखाद्या हजेरीपटातले वाटावे असे. कोकणातल्या या ज्यू समाजाने आपले पूर्वज कसे शोधले, आणि पुढे एका टप्प्यावर ते शोधणे त्याच्यावर कसे लादले गेले, याचा हा धागा.

२/
पूर्वीचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यातल्या खेड्यांत बेने इस्रायल कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. भाषा मराठी, पोशाख शेजाऱ्यांसारखा. मात्र शनिवारी काम बंद, मुलग्याची आठव्या दिवशी सुंता, आणि खवले व पर नसलेला मासा वर्ज्य. समाजाची परंपरा सांगते की पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बरोबरचे ग्रंथ समुद्रात गेले. ध्यानात राहिली ती ‘शमा’ ही प्रार्थना.

३/
परंपरेनुसार ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. समाजाचा स्पष्ट लेखी उल्लेख मात्र १७३८ मधल्या सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रात मिळतो. या दोहोंमधल्या प्रदीर्घ काळासाठी ना बखर आहे, ना ताम्रपट, ना कुळाची वही. म्हणून संशोधकाला दोनच साक्षीदारांकडे जावे लागते : माणसांची नावे आणि त्यांचा धंदा. हे दोन्ही साक्षीदार बोलतात खरे, पण विचारले तेवढेच बोलतात.

४/
प्रथम नावे. शमुएलचा समाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, अब्राहामचा अबाजी, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी. मूळ हिब्रू नावातली एक-दोन अक्षरे ठेवायची आणि पुढे ‘जी’ जोडायचा, ही रीत. शिवाजी, संभाजी, तानाजी यांच्या मुलखात हे अगदी स्वाभाविक होते. खेड्यातल्या चावडीवर यहेज्केल हे नाव कोण उच्चारणार? हसाजी म्हटले की काम भागत असे.

५/
या नावांत आणखी एक थर दडलेला आहे. मोशेचे रूप थेट ‘मोशाजी’ न होता ‘मुसाजी’ झाले. मुसा हे अरबी रूप. हा समाज आपल्या प्रार्थनालयाला ‘मशीद’ म्हणे आणि धर्मविधी चालवणाऱ्याला ‘काजी’. मुंबईचे १७९६ चे प्रार्थनालय पुढे ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले गेले. शेजारच्या मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगतात. म्हणजे हिब्रू गाभा, अरबी-फारसी उच्चार आणि मराठी प्रत्यय, असे तीन काळ एका नावात नांदतात. सिद्दीच्या जंजिऱ्याला लागून असलेल्या किनाऱ्यावर यात नवल नाही.

६/
येथेच पहिला चकवा आहे. मोडी कागदात ‘आबाजी’ किंवा ‘इसाजी’ आढळला म्हणून तो बेने इस्रायल ठरत नाही. शिवछत्रपतींच्या पदरी आबाजी सोनदेव होते. येसाजी कंक होते. त्यांचा आणि या समाजाचा काडीचाही संबंध नाही. शेजाऱ्यांत मिसळून जाईल असेच नाव निवडले जात होते, आणि ज्या नावाने माणूस गावात सहज सामावला तेच नाव तीनशे वर्षांनी शोधणाऱ्याला गोंधळात टाकते.

७/
आता धंदा. तेल गाळणे हा या समाजाचा मुख्य व्यवसाय. बैलाचा लाकडी घाणा, तीळ किंवा खोबरे, खाली उतरणारे तेल, मागे उरणारी पेंड. तेल खेड्याला रोज लागते, पण थोडे लागते. एका गावाला एखाद-दुसरा घाणा पुरतो. त्यामुळे तेल्याचे कुटुंब एकाच ठिकाणी गोळा होऊन राहू शकत नाही, ते गावोगाव विखुरते. बेने इस्रायलांची वस्ती एका मोठ्या गावात न सापडता डझनावारी खेड्यांत का सापडते, याचे एक साधे कारण त्या घाण्यात आहे.

८/
पण ‘तेली’ एवढ्याने काय कळणार? कोकणात तेली इतरही होते. भेद झाला तो वाराने. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली. नुसत्या ‘आबाजी’ने ओळख पटत नाही, नुसत्या ‘तेली’नेही पटत नाही. ती पटवतो घाण्याचा थांबलेला एक दिवस. पूर्वजांचा ग्रंथ हरवला, भाषा हरवली, पण त्या धर्माचा शब्बाथ धंद्याच्या नावात, तोही शेजाऱ्यांनी दिलेल्या नावात, टिकून राहिला.

९/
‘शनवार तेली’ हे नाव समाजाने स्वतः घेतलेले नव्हे. ते स्वतःला बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे, म्हणत. जातिव्यवस्थेच्या उतरंडीत तेल्याचे स्थान खालचे. त्यामुळे व्यवसाय सुटल्यावर हे नाव पुसून टाकावे असेच पुष्कळांना वाटले. वंशशोधासाठी मात्र सर्वांत मोलाचा पुरावा तोच. आपल्याकडच्या अनेक समाजांच्या बाबतीत असे घडले आहे : जे नाव आजोबांना नकोसे होते, त्याच नावाच्या आधारे नातू मागचा माग काढतो.

१०/
तिसरा साक्षीदार आडनाव. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर, नागावकर, वाक्रुळकर, दिवेकर, राजपूरकर. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून तयार झालेली अशी शंभराहून अधिक आडनावे या समाजात आहेत. ती नकाशावर मांडत गेले की खाडीकाठची, बंदरालगतची आणि त्यामागच्या भातशेतीची खेडी एकेक करून उजळत जातात. लेखी इतिहास नसलेल्या समाजाचा हा वस्तीचा नकाशाच.

११/
नवगावात सगळेच नवगावचे. तेथे कोणाला नवगावकर म्हणून वेगळे ओळखण्याचे कारण नाही. ‘कर’ उपयोगी पडतो तो माणूस दुसरीकडे गेल्यावर. म्हणून आडनावातले गाव हे सहसा कुटुंबाचे शेवटचे ओळखीचे गाव असते, मूळ गाव असेलच असे नाही. दिवेकरांचे पूर्वज दिव्यास येण्यापूर्वी दुसऱ्या चार गावांत घाणा चालवून आले असतील. आडनाव त्याबद्दल मौन पाळते.

१२/
आणि एकाच नावाची गावेही असतात. नागाव अलिबागजवळ आहे आणि उरणजवळही. नागावकर कोणत्या नागावचे, हे आडनाव सांगणार नाही. ते थडग्यावरचा लेख, लग्नाचा करार किंवा घरातली म्हातारी माणसे सांगतील. शिवाय दिवेकर, पेणकर ही आडनावे हिंदू घराण्यांतही आहेत. आडनाव गावाची साक्ष देते. धर्माची, जातीची, रक्ताची देत नाही.

१३/
उच्चाराचेही एक गमतीचे प्रकरण आहे. नकाशावर गाव चौल, आडनाव मात्र चेऊलकर. शिलाहारांच्या लेखांत हेच बंदर चेमूल्य म्हणून येते आणि अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. गावाचा उच्चार बदलत गेला, पण गाव सोडून गेलेल्यांनी बरोबर नेलेला उच्चार त्यांच्या आडनावात गोठून राहिला. किहीम गावच्या घराण्याचे आडनाव इंग्रजी लेखनातून ‘केहिमकर’ असे रूढ झाले, तेही असेच.

१४/
या समाजात ‘कर’ नसलेले एक प्रसिद्ध आडनाव म्हणजे झिराड. अलिबाग तालुक्यातल्या झिराड गावावरून आलेले. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड (१८९०–१९८३, पद्मश्री १९६६) या त्याच आडनावाच्या. या गावाशी वंशपरंपरेचा आणखी एक धागा जोडलेला आहे, आणि तो जातो कोचीनकडे.

१५/
परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला. हे लोक कोण, हे त्याला पारखायचे होते. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे शिजवायला घेतले व बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शहापूरकर या तीन घराण्यांतल्या पुरुषांना धर्मविधी शिकवले, आणि त्यांच्या वंशात काजीपण चालू झाले. कोचीनच्या रहाबी घराण्यातला अठराव्या शतकातला डेव्हिड एझिकिएल रहाबी तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. समाजाची परंपरा त्याला पुष्कळ मागे नेते.

१६/
या कथेतली परीक्षा वंशावळीची नव्हती. रहाबीने कोणाला आजीचे नाव विचारले नाही. त्याने स्वयंपाकघरात पाहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे १९६२ मध्ये नेमके याच्या उलट घडणार होते.

१७/
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांची मुंबई वाढू लागली आणि घाणा सोडून माणसे तिकडे निघाली. अनेकजण कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत भरती झाले आणि त्यांतले पुष्कळ देशी अधिकाऱ्याच्या हुद्द्यापर्यंत चढले. समाजी हसाजी दिवेकर त्यांपैकीच. सांगतात की म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. जात विचारली तेव्हा ‘बेने इस्रायल’ असे उत्तर गेले. हे नाव कुराणात येते, असे टिपूच्या आईने सांगितले आणि त्यांचे प्राण वाचले. सुटून आल्यावर नवस फेडण्यासाठी त्यांनी प्रार्थनालय बांधले. कथेतला तपशील पुराव्याने सिद्ध होणारा नव्हे. प्रार्थनालय मात्र आहे, आणि लगतच्या सॅम्युएल स्ट्रीटला त्यांचे नाव आहे.

१८/
म्हणजे ‘आमचे पूर्वज शनवार तेली’ हे वाक्य खरे असूनही अपुरे आहे. एखाद्या कुटुंबात खापरपणजोबा घाण्यावर, पणजोबा पलटणीत सुभेदार, आजोबा रेल्वेत किंवा सरकारी कचेरीत कारकून असू शकतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शालोम बापूजी हे बेने इस्रायल गृहस्थ जंजिरा संस्थानचे कारभारी होते. पूर्वजांचा व्यवसाय म्हणून जे नाव सांगितले जाते ते बहुधा एका विशिष्ट शतकाचे चित्र असते. त्याला सनातन समजले की शोध चुकतो.

१९/
एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, कोचीनहून धर्मशिक्षक आले, बायबल मराठीत छापले गेले. समाजाला आपल्या नावांची मूळ रूपे छापील पानावर दिसली आणि समाजीचे सॅम्युएल, हसाजीचे एझिकिएल होऊ लागले. शोधणाऱ्याने येथे सावध राहावे. १८०० च्या आधीच्या कागदात ‘सॅम्युएल’ शोधत बसलात तर हाती काहीच लागणार नाही. तेथे समाजीच हवा. एकाच घरात आजोबा हसाजी आणि नातू एझिकिएल असेल, तर कित्येकदा नातवाला आजोबांचेच नाव ठेवलेले असते, फक्त उच्चार बदललेला.

२०/
ही जुनी रूपे आज जुळवता येतात याचे पुष्कळसे श्रेय हाईम सॅम्युएल केहिमकर यांना. मुंबईत १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढण्यात ते अग्रणी होते. त्यांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ मध्ये पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे, त्यांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी. चालीरीती, नावे, घराणी यांची त्यांनी केलेली नोंद नसती तर मधली साखळी तुटलीच असती. त्यांची काही अनुमाने आज टिकत नाहीत. त्यांनी जमवलेली सामग्री टिकते.

२१/
विसाव्या शतकात आणखी एक बदल झाला : गावच गळून पडले. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर, पण श्रेयनामावलीत जोसेफ डेव्हिड. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पण पडद्यावर नुसते डेव्हिड. बापाचे नाव गेले, चौल गेले. ज्या प्रेक्षकांनी त्यांच्यावर प्रेम केले त्यांतल्या किती मराठी माणसांना हा आपल्या अलिबाग तालुक्यातला माणूस आहे हे माहीत होते?

२२/
आता नाव काय सांगत नाही ते पाहू. समाजी हसाजी दिवेकर : स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव. आई कोठेच नाही. तिचे नाव नाही, तिचे माहेर नाही. मराठी मुलखातल्या बहुतेक नावांची हीच घडण आहे. दोन पिढ्या मागे जाताच आजीचे माहेरचे नाव घरातही कोणाला आठवत नाही. एरवी ही उणीव खुपत नाही. या समाजाला ती फार महाग पडली.

२३/
समाजाच्या आतही वंशाचा वाद होता. ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असे दोन भाग मानले जात. गोरे स्वतःला नवगावच्या सात जोडप्यांचे शुद्ध वंशज म्हणवत; काळे म्हणजे स्थानिक स्त्रियांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्यांची संतती, असा समज. त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. आडनावांत मात्र असा कोणताही भेद नाही. गावाचे नाव दोघांनाही सारखेच लागते. जातीने वेढलेल्या मुलखात राहून हा समाज जात शिकला, हे मान्य करायला हवे.

२४/
१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. त्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. त्यांतले बहुसंख्य पुढच्या काही दशकांत तिकडे गेले. तेथे त्यांच्यापुढे प्रश्न आला विवाहाचा, कारण इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत येतात. १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांनी आदेश काढले : बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह नोंदवताना तिच्या मातृकुळाची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत, चौकशी करावी.

२५/
ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून येते. म्हणजे चौकशी नेमकी त्या शाखेची, जिची नोंद मराठी नावाने कधी ठेवलीच नव्हती. पेणकराला पेण दाखवता येत होते, बापाचा बाप सांगता येत होता, शनिवारी थांबणारा घाणा सांगता येत होता. आजीच्या आईचे कूळ कागदावर कोठून आणणार? आणि ते केवळ त्यांनाच विचारले जात होते, यात खरा अपमान होता.

२६/
समाज गप्प बसला नाही. निदर्शने झाली, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, भारतातूनही निषेध उमटला. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत असा निर्वाळा दिला आणि धर्मपीठाला आदेशातला त्यांचा नावानिशी उल्लेख काढावा लागला. वंशावळ सिद्ध झाली म्हणून हा निकाल लागला नाही. वंशावळ मागण्याचा अधिकारच नाकारला गेला म्हणून लागला.

२७/
मग रक्ताची साक्ष आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्ही वारसा आढळला. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी घडल्याचे अनुमान निघाले. ज्यू वारसा पितृकुळाकडून अधिक, भारतीय वारसा मातृकुळाकडून अधिक. समुद्रमार्गे आलेल्या थोड्या पुरुषांनी येथे संसार थाटले, असे हे चित्र. दोन हजार वर्षांपूर्वीची सात जोडपी त्यात दिसत नाहीत. पण दूर देशातून आल्याची आठवण खोटी नव्हती, हे दिसते. आणि गोऱ्या-काळ्यांचा भेद कोणत्या पायावर उभा होता, असा प्रश्नही त्यातून उभा राहतो.

२८/
वंशशोधात रस असलेल्यांसाठी या प्रकरणातून हाती येणारी पद्धत साधी आहे. नाव उजवीकडून डावीकडे वाचावे : आधी गाव, मग बाप, मग माणूस. जुन्या आणि नव्या उच्चारांच्या जोड्या आधी तयार कराव्यात. धंद्याचे नाव मिळाले तर ते कोणी दिले आणि कोणत्या काळात, हे विचारावे. थडग्यांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही मजकूर असतो. दोन्ही उतरून घ्यावेत, कारण हिब्रूत एक नाव आणि मराठीत दुसरे असण्याचा संभव मोठा. आणि घरात आजी असेल तर कागदांच्या आधी तिच्याकडे बसावे. तिच्या आईचे नाव, माहेरचे गाव, मामाचे आडनाव आजच लिहून घ्यावे.

२९/
अलिबागेत आजही ‘इस्रायल आळी’ आहे. घरे थोडी उरली आहेत. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत आले आहे. आणि तेथल्या पाट्यांवर, टपालपेट्यांवर पेणकर, दिवेकर, नवगावकर अजून वाचायला मिळतात. हिब्रू लिपीत या आडनावांतला शेवटचा ‘कर’ ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्याच दोन अक्षरांनी हिब्रूतला ‘थंड’ या अर्थाचा शब्द लिहितात. आडनाव प्रथमच वाचणारा तेथला कारकून त्यावर क्षणभर थबकतो; मग विचारतो, हे पेण कोठे आहे?